पुलाखालची तूर

आई पहाटे साडेतीनला ऑफिसं पुसायला जायची.
आठच्या बसनं परत फिरायची
आणि एक स्टॉप आधीच उतरायची,
लिस्बनच्या कडेला, महामार्गाच्या उतारावर.
पिशवीत फरशी पुसायचे रबरी हातमोजे,
त्यांच्याखाली फडक्यात गुंडाळलेलं खुरपं.

जमीन कुणाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
रस्तेवाले म्हणत, नगरपालिकेची.
नगरपालिका म्हणे, रेल्वेची.
रेल्वेला विचारायला कोण जाणार?
तेव्हा एर्मेलिंदा तावारेस, माझी आई,
बोटभर भोक पाडून
थेट जमिनीलाच विचारायची.

मक्याचे तीन दाणे, घेवड्याचे दोन, तुरीचा एक.
तीन कशाला गं?
"एक पाखराला, एक उंदराला, एक आपल्याला."
आणि तुरीचा एकच?
"ती हट्टी असते. तिला सोबत लागत नाही."
हे ती क्रिओलमध्ये म्हणायची,
बेटावरच्या आवाजात,
जो ऑफिसात नेत नसे.

मी शाळेच्या बसमध्ये डावीकडे बसत नसे.
डावीकडून दिसायची ती :
ओणवी, डोक्याला पिवळं फडकं, मागे ट्रकांची रांग.
एकदा कुणीतरी ओरडलं, बघा बघा, आफ्रिका!
सगळे बघायला गेले.
मी उजवीकडे बसून
पेट्रोलपंपावरचे भाव पाठ केले.
अजून आठवतात.

पाण्याचं ज़ेफेरीनु बघायचा.
पुलाच्या पन्हळीखाली त्याचं निळं पिंप.
हा पूल त्यानंच बांधलेला, म्हणजे त्यानं आणि आणखी दोनशे जणांनी.
तिसऱ्या खांबावर थाप मारून सांगायचा,
"ह्यात माझी दोन नखं आहेत."
त्याच खांबाला त्यानं घेवडा चढवला होता.

चौथ्या मजल्यावरची सेन्योरा फिलोमेना
आमच्यावर तक्रारी लिहायची. उंदीर, डास, वास,
आणि एकदा : मक्याची पानं रात्री बोलतात, झोप लागत नाही.
मग एका मार्चमध्ये
गाठ मारलेला पायमोजा वरून धपकन पडला.
आत धणे.
"कोथिंबीर नाही लावत? मग खाता तरी काय तुम्ही?"
खिडकी बंद.
ती अलेंतेजूची. तिकडे म्हणे
कोथिंबिरीशिवाय पाणीसुद्धा उकळत नाहीत.

बुलडोझर आला तो मंगळवार.
मका कमरेला, घेवडा फुलात.
ड्रायव्हर पोरगेलासा. आईनं अर्धा तास मागितला.
त्यानं इंजिन बंद केलं, पाव काढला,
आणि आमच्याकडे पाठ करून खात बसला.
कोबी, कांदे, कोथिंबीर पोत्यात गेली.
मका मात्र तिनं स्वतः उपटला, एकेक ताट,
मशीनला हात लावू दिला नाही.
फिलोमेना वरून बघत होती. पहिल्यांदाच
तिच्या हातात कागद नव्हता.

मग कुंपण आलं, नळ आला, सोडत निघाली.
आईला चौदा नंबर.
ज़ेफेरीनुची चिठ्ठी निघाली नाही. त्यानं पिंप उचललं
आणि पुढच्या पुलाखाली गेला.
तो पूल त्याचा नव्हता. चालतं, म्हणाला.

चौदा नंबरात नियम : झाड दीड मीटरवर नको.
आई मक्याला नियम वाचून दाखवायची नाही.
निरीक्षक यायच्या दिवशी
शेंडे वाकवून सुतळीनं बांधायची,
तो गेला की सोडायची.
सबंध वाफा मग हळूहळू
पाठ सरळ करायचा, तिच्यासारखाच,
एक हात कमरेवर.

आता मी त्याच बसनं ऑफिसला जाते. फरशी नाही पुसत.
डावीकडे बसते.
परवा जुन्या उतारावर, खडी टाकलेल्या जागी,
काहीतरी पिवळं हललं.
फडकं वाटलं. फुलं होती.

एक स्टॉप आधी उतरले, चुकीच्या बुटांत.
तूर. माझ्या खांद्याएवढी, एकटी.
खालच्या फांदीवरची शेंग चिमटीत दाबून पाहिली :
दाणा भरतोय, अजून पाणचट.

पुढच्या बुधवारी.
पिशवी आणायला हवी.